गिझरच्या स्मार्ट प्लगचा मॅक अ‍ॅड्रेस कुठे सापडतो, आणि सापडला तो त्याचाच आहे का

दिवाळीत आईकडे साताऱ्याला गेलो होतो तेव्हा एक उद्योग करून ठेवला. आमच्या वाय-फायचा पासवर्ड शेजारच्या पोरांना कळलेला, रात्री अकरा-अकरापर्यंत जिन्यात बसून गेम चालू, म्हणून मी राउटरमध्ये जाऊन मॅक फिल्टर चालू केला, म्हणजे यादीत ज्यांचे नंबर आहेत त्यांनाच नेट आणि बाकीचे बाहेर. आईचा फोन, बाबांचा फोन, टीव्ही, माझा लॅपटॉप, सगळं आठवणीने टाकलं आणि पुण्याला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आईचा फोन, "अरे, तुझा तो गिझर मोबाइलवरून लागत नाहीये."

गिझरचा स्मार्ट प्लग यादीत टाकायचाच राहिला होता.

प्लगला बटण असतं, ते दाबून अंघोळी झाल्या, त्याचं काही नाही. पण त्या प्लगचा मॅक अ‍ॅड्रेस मिळवायला पुढचे दोन दिवस गेले, आणि गंमत म्हणजे नंबर मिळत नव्हता असं नाही, नंबर मिळत होते, पण प्रत्येक वेळी भलत्याचाच. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, नुसतं कुठे बघायचं एवढंच नाही तर बघितलेला नंबर त्याच वस्तूचा आहे हे कसं ताडायचं तेपण.

आधी पटकन ओळख. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपला कारखान्यातच दिलेला नंबर. आयपी अ‍ॅड्रेस राउटर देतो आणि तो बदलत राहतो, आज ५ आहे उद्या १२, पण मॅक साधारण तोच राहतो. ४८ बिटांचा असतो, लिहिताना १२ अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या, मधे कोलन किंवा डॅश, कधीकधी मधे काहीच नाही. पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते कारण तो भाग आयईईई नावाची संस्था कंपन्यांना वाटून देते, आणि उरलेल्या तीन जोड्या कंपनी स्वतः प्रत्येक नगाला वेगळ्या देते. एकाच गोष्टीची नावं मात्र ढीगभर आहेत, विंडोजवर 'फिजिकल अ‍ॅड्रेस', आयफोनवर 'वाय-फाय अ‍ॅड्रेस', कुठे 'हार्डवेअर अ‍ॅड्रेस', मॅकबुकवर 'ईथर', त्यामुळे मॅक असा शब्द दिसला नाही म्हणून परत फिरू नका.

आता माझी पहिली चूक, जी मला वाटतं दहातले आठ जण करतात. मी आईला म्हणालो सेटिंगमध्ये जा, अबाउट फोनमध्ये जा, तिथे वाय-फाय मॅक अ‍ॅड्रेस लिहिलं असेल तो वाच. तिने बिचारीने वाचला, मी टाकला. तो अर्थातच आईच्या फोनचा होता, प्लगचा नाही. सकाळी साडेसहाला डोकं चालत नाही हे खरं, पण नेटवर मॅक अ‍ॅड्रेस कसा शोधायचा असं शोधलं की पहिली सगळी उत्तरं फोनचा नाहीतर कॉम्प्युटरचा स्वतःचाच नंबर दाखवतात. विंडोजवर आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड चालवली की जो फिजिकल अ‍ॅड्रेस येतो तोही त्या लॅपटॉपचाच, बल्बचा नाही. ज्या वस्तूचा नंबर हवा त्या वस्तूलाच विचारायचं, किंवा तिला ओळखणाऱ्या राउटरला.

वस्तूला विचारायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे तिच्या अंगावरचं लेबल. स्मार्ट प्लगवर ते मागच्या बाजूला पिनांच्या आसपास असतं, बल्बवर मानेपाशी बारीक अक्षरात, कॅमेऱ्याच्या बुडाला, स्पीकरच्या खाली. खोक्यावरही बऱ्याचदा बारकोडशेजारी छापलेला असतो. लेबलवर एक सिरीयल नंबर पण असतो आणि लोक तोच उचलतात, तर खूण अशी की मॅक बरोब्बर १२ अक्षरांचा आणि त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच इंग्रजी अक्षरं. एच, के, एक्स असलं काही दिसलं की तो सिरीयल नंबर, सोडून द्या.

हा नियम वाचतानाही कामाला येतो. आई प्लग काढून चष्मा लावून वाचत होती आणि दर दुसऱ्या अक्षराला "हा ओ आहे की शून्य?" मॅकमध्ये ओ असूच शकत नाही, त्यामुळे ते कायम शून्य. तसंच आय नसतो म्हणजे तो एक, एस नसतो म्हणजे पाच, जी नसतो म्हणजे सहा. खरा घोळ होतो बी आणि आठचा, आणि डी आणि शून्याचा, कारण ही दोन्ही चालतात. आणि फोनवर ऐकताना बी, सी, डी, ई सगळे एकसारखेच ऐकू येतात, म्हणून शेवटी मी म्हणालो बी म्हणजे बटाटा, सी म्हणजे सीताफळ, डी म्हणजे डाळिंब, ई म्हणजे ईडलिंबू, आणि मग अर्ध्या मिनिटात काम झालं. खरं म्हणजे लेबलचा फोटो काढून पाठव म्हणायला हवं होतं पण तिच्या हातातला फोन तोच. तुम्ही फोटोच काढा, टॉर्च थोडी तिरकी धरा म्हणजे चकाकत नाही, आणि झूम करून वाचा.

एक सावधगिरी. प्लग भिंतीतून काढायचा तर आधी सॉकेटचं बटण बंद करा, आणि गिझरला १६ अँपिअरचाच प्लग लागतो हे जाता जाता सांगतो, कारण दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर खेचतो, ६ अँपिअरवाला स्वस्त प्लग तिथे लावून जाळून घेऊ नका. आणि स्विचबोर्डच्या आत बसवलेलं स्मार्ट मॉड्यूल असेल तर लेबल बघायला बोर्ड उघडायचा नाही, एकतर वायरमनला बोलवा आणि एमसीबी पाडून बघायला लावा, नाहीतर पुढचे मार्ग आहेतच, त्यात काही उघडावं लागत नाही. बोर्डात बसवण्याआधीच लेबलचा फोटो काढला असता तर हा प्रश्नच आला नसता, मी हे आता प्रत्येक वस्तूला करतो.

वस्तू नेटवर चालू असेल तर अ‍ॅपमधून सापडतो. प्रत्येकाचा मेनू वेगळा आणि अपडेट आला की जागा हलते, पण शेवटी शोधायचं असतं ते 'डिव्हाइस इन्फो', 'अबाउट' किंवा 'टेक्निकल इन्फर्मेशन' असल्या नावाचं पान. अलेक्सा अ‍ॅपमध्ये डिव्हाइसेस, मग तो एको, मग गिअरचं चिन्ह, आणि एकदम खाली जाऊन अबाउट. गूगल होममध्ये स्पीकर किंवा क्रोमकास्ट निवडून सेटिंग, मग डिव्हाइस इन्फर्मेशन, त्यात टेक्निकल इन्फर्मेशन. टॅपो किंवा कासा या टीपी-लिंकच्या अ‍ॅपमध्ये त्या प्लगच्या पानावर वरचा गिअर, मग डिव्हाइस इन्फो. फायर स्टिकवर अ‍ॅपची गरजच नाही, टीव्हीवरच सेटिंग, माय फायर टीव्ही, अबाउट, नेटवर्क.

स्मार्ट लाइफ अ‍ॅपबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण आपल्याकडे मिळणारे बरेच प्लग, बल्ब, पट्ट्या त्याच्यावर किंवा त्याच्याच भावंडावर चालतात, तुया म्हणून. तिथे वस्तूच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिल किंवा टिंबं असतात, त्यात डिव्हाइस इन्फर्मेशन, त्यात मॅक. पण त्याच पानावर 'व्हर्च्युअल आयडी' असा एक लांबलचक नंबर असतो तो मॅक नाही, आणि तिथे 'आयपी अ‍ॅड्रेस' म्हणून जो दिसतो तो बऱ्याचदा घराचा बाहेरचा, इंटरनेटच्या बाजूचा आयपी असतो, प्लगचा घरातला नव्हे. तो आयपी घेऊन राउटरच्या यादीत प्लग शोधत बसलात तर जन्मात सापडायचा नाही. मी बसलो होतो.

बरं, इथे माझी अडचण अशी की फिल्टरमुळे प्लग नेटवर येतच नव्हता, आणि नेटवर नाही म्हणून अ‍ॅपमध्ये ऑफलाइन, म्हणजे नंबर दिल्याशिवाय आत येणार नाही आणि आत आल्याशिवाय नंबर सांगणार नाही. याला दोन उपाय. राउटर हाताशी असेल तर पाच मिनिटं फिल्टर बंद करा, प्लग येऊ द्या, नंबर टिपा, परत चालू करा. राउटर हाताशी नसेल, किंवा तो दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, तर घरातल्या एका फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि त्याला घरच्या वाय-फायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्यायचा, स्पेलिंग आणि छोटी-मोठी अक्षरंसुद्धा तीच. खरा राउटर तेवढा वेळ बंद ठेवा. प्लगला फरक कळत नाही, तो ओळखीचं नाव बघून जोडला जातो, आणि मग अ‍ॅपमध्ये दिसतो. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायचा कारण बहुतेक प्लग-बल्बांना ५ कळतच नाही, आयफोनवर त्यासाठी हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करावं लागतं.

आता राउटरला विचारायचं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, जिओफायबरला १९२.१६८.२९.१, बाकी बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि नक्की माहीत नसेल तर फोनच्या वाय-फायच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' म्हणून जो आकडा असतो तोच. पासवर्ड राउटरच्या लेबलवर असतो, कुणी बदलला नसेल तर. आत गेल्यावर 'कनेक्टेड डिव्हाइसेस', 'लॅन क्लायंट' किंवा 'डीएचसीपी क्लायंट लिस्ट' असं काहीतरी शोधा, तिथे नाव, आयपी आणि मॅक शेजारी-शेजारी दिसतात.

दिसतात खरे, पण नावं अशी की काही कळू नये. एक 'ईएसपी' आणि पुढे आकडे, दोन 'अननोन', एकाचं नाव नुसता डॅश. यातला प्लग कुठला? इथे अक्कल चालवू नका, हात चालवा. यादीचा स्क्रीनशॉट घ्या, प्लग काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, यादी रिफ्रेश करा, जो गेला तो प्लग. परत लावा, परत आला की पक्कं. एवढं सोपं आहे आणि याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. फक्त यादी कुठली बघताय ते तपासा, कारण डीएचसीपीची यादी म्हणजे राउटरने कुणाला कुठला आयपी दिला त्याची वही, आणि ती मुदत संपेपर्यंत, बऱ्याच राउटरवर २४ तास, नाव तसंच ठेवते, वस्तू बंद केली तरी. म्हणजे प्लग काढूनही तो यादीत दिसेल आणि तुम्हाला वाटेल हा नव्हे. 'वायरलेस क्लायंट' किंवा 'ऑनलाइन' असं लिहिलेली यादी बघा, ती आत्ताची असते.

कंपनीवरून ओळखायला गेलात तर एक गोष्ट डोक्यात ठेवा, पहिल्या सहा अक्षरांवरून कळते ती चिपची किंवा आतल्या मॉड्यूलची कंपनी असू शकते, खोक्यावरची नाही. नेटवर मॅक लुकअप करून बघितलं तर माझ्या देशी ब्रँडच्या प्लगवर 'एस्प्रेसिफ' आलं, आणि मी म्हटलं हा कोण घरात शिरला. ही शांघायची कंपनी, त्यांच्या ईएसपी चिपा अर्ध्या जगाच्या स्वस्त प्लग-बल्बांत असतात. तसंच टीव्हीच्या नावाने 'हॉन हाय', 'लाइटऑन', 'अझूरवेव्ह', 'मुराता' असं दिसेल, हे सगळे आतले सुटे भाग बनवणारे, चोर नव्हेत. एकदा 'बी८:२७:ईबी'ने सुरू होणारा नंबर बघून काकांनी मला घाबरून फोन केला होता, तो त्यांच्याच नातवाचा रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर निघाला.

राउटरचा पासवर्ड नसेल तर लॅपटॉप. लॅपटॉप त्याच वाय-फायवर पाहिजे, गेस्ट नेटवर्कवर नको कारण तिथून बाकीच्या वस्तू दिसतच नाहीत, आणि व्हीपीएन बंद. विंडोजमध्ये स्टार्टला सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, आणि त्यात इंग्रजीत पिंग लिहून एक स्पेस देऊन प्लगचा आयपी टाका, एंटर. उत्तर नाही आलं तरी चालेल, पिंग करायला गेलं की लॅपटॉपला आधी त्या आयपीचा मॅक विचारावाच लागतो. मग ए-आर-पी, स्पेस, मायनसचं चिन्ह आणि त्याला चिकटून ए. यादी येते, डावीकडे आयपी, मधे फिजिकल अ‍ॅड्रेस. सगळ्या जोड्या एफएफ असलेला आणि ०१-००-५ई ने सुरू होणारे सोडून द्या, त्या वस्तू नाहीत, सगळ्यांना एकदम हाक मारायचे पत्ते आहेत. एआरपी म्हणजे हा 'हा आयपी कुणाचा रे, तुझा मॅक सांग' असं ओरडून विचारायचा प्रकार १९८२ पासून आहे, आणि तो घराच्या नेटवर्कच्या आतच चालतो, म्हणजे पुण्यात बसून साताऱ्याच्या प्लगचा मॅक असा निघत नाही. हे मला माहीत असूनही मी एकदा करून बघितलं, माणूस वैतागला की काहीही करतो.

मॅकबुकवर हीच कमांड टर्मिनलमध्ये चालते पण तिथे एक खोच आहे, प्रत्येक जोडीतलं पुढचं शून्य तो गिळतो. ०ए असेल तर नुसता ए दाखवतो, ०५ असेल तर नुसता ५. तो नंबर तसाच राउटरमध्ये टाकलात तर १२ अक्षरं भरत नाहीत आणि राउटर 'इनव्हॅलिड' म्हणतो, म्हणून एकटं अक्षर दिसलं की आधी शून्य लावून घ्या. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, आयपी नेबर नाहीतर सुडो लावून एनमॅप, आणि सुडो विसरलात तर एनमॅप मॅक दाखवत नाही एवढंच. फोनवर फिंगसारखी अ‍ॅप असतात, पूर्वी त्यात सगळं दिसायचं, पण आयफोनने आणि नंतर अँड्रॉइडने दुसऱ्याचा मॅक वाचायची परवानगी अ‍ॅपांकडून काढून घेतली, त्यामुळे आता वस्तू दिसते पण मॅकची जागा बऱ्याचदा रिकामी. अ‍ॅप खराब आहे म्हणून एक स्टार देऊ नका.

आता एकाच वस्तूला दोन-तीन मॅक असतात तो प्रकार. लॅन पोर्ट असलेल्या टीव्ही किंवा कॅमेऱ्याला वायरचा वेगळा आणि वाय-फायचा वेगळा, ज्याने जोडलंय तो घ्यायचा. ब्लूटूथ असेल तर त्याचा अजून एक, आणि हे नंबर बऱ्याचदा शेवटच्या जोडीत एक-दोनने पुढे-मागे असतात म्हणून नजर फसते. ईएसपी३२ चिपमध्ये तर ठरलेलंच आहे, मूळ नंबर वाय-फायला, अधिक एक तिच्या स्वतःच्या हॉटस्पॉटला, अधिक दोन ब्लूटूथला. म्हणजे नवीन प्लग पेअरिंग मोडमध्ये स्वतःचा हॉटस्पॉट सोडतो तेव्हा वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमधून त्याचा नंबर टिपलात तर तो घरच्या राउटरवर येणारा नंबर नव्हे, एकने चुकलात. मोजताना लक्षात ठेवा नवाच्या पुढे दहा नाही, ए येतो, आणि ०एफच्या पुढे १०.

आणि काही वस्तूंना वाय-फायचा मॅक नसतोच, कितीही शोधा. फिलिप्स ह्यूचे बल्ब वाय-फायवर नाही, झिगबी नावाच्या दुसऱ्या वायरलेसवर बोलतात, त्यांचा पत्ता ६४ बिटांचा म्हणजे १६ अक्षरांचा, तो राउटरच्या कामाचा नाही. राउटरला दिसतो तो ब्रिज, म्हणजे बल्ब आणि राउटर यांच्या मधला डबा, ज्याच्या बुडाला नंबर लिहिलेला असतो आणि ह्यूचा ब्रिज असेल तर बऱ्याचदा ००:१७:८८ ने सुरू होतो. ब्रिजचा आयडी म्हणून १६ अक्षरं दिसली आणि मधे एफएफएफई असेल तर ती चार अक्षरं काढून टाका, उरले ते १२ म्हणजे मॅक. ब्लूटूथवाला कुलूप-सेन्सर असेल तरी तेच, राउटरला त्याचा गेटवेच दिसणार.

माझ्या गोष्टीकडे परत येतो, कारण लेबलवरचा नंबर नीट वाचून, बटाटा-सीताफळ करून, राउटरच्या अ‍ॅपमधून यादीत टाकूनसुद्धा गिझर ऑफलाइनच राहिला. दुसरा दिवस त्यात गेला. नंबर चारदा तपासला, आईला परत प्लग काढायला लावला, ती म्हणाली आता याच्यापुढे मी चुलीवर पाणी तापवीन. शेवटी बाबांनी संध्याकाळी राउटरजवळ बसून फिल्टर बंद केला, प्लग आला, आणि राउटरच्या यादीत बघतो तर लेबलवरचा नंबरच नाही. शेवटची सहा अक्षरं तीच, पुढची सहा साफ वेगळी, सुरुवात ०२ ने.

कारण वरच्या मजल्यावरचा रिपीटर. बाथरूम वर आहे, तिथे सिग्नल पोचत नाही म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी रिपीटर लावला होता आणि विसरलो होतो. बरेच रिपीटर आपल्यामागच्या वस्तूंचा मॅक राउटरला जसाच्या तसा देत नाहीत, बदलून देतात, म्हणजे प्लगचा खरा नंबर रिपीटरपर्यंतच, त्याच्या पुढे नकली. आणि मी यादीत खरा टाकून वाट बघत बसलेलो. तेव्हा मधे रिपीटर असेल तर राउटरच्या यादीत जो दिसतो तोच फिल्टरमध्ये टाकायचा, लेबल काहीही म्हणो, आणि उद्या रिपीटर काढलात किंवा बदललात तर परत बघायचा.

असला बनावट नंबर ओळखायची एक खूण आहे, दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो नंबर कारखान्यातला नाही, कुणीतरी जागेवर बनवलेला आहे. फोनांमध्ये हे मुद्दाम करतात, अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा खोटा मॅक देतो, माग काढता येऊ नये म्हणून. प्लग-बल्ब सहसा हे करत नाहीत. पण जुना अँड्रॉइड टॅब भिंतीला लावून घराचा कंट्रोल पॅनल केला असेल किंवा जुन्या फोनचा कॅमेरा केला असेल तर तो करणार, तिथे त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'खाली 'यूज डिव्हाइस मॅक' निवडा, मगच नंबर टिपा.

हॉस्टेलवाल्यांसाठी थोडं, कारण माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकायला गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा हाच प्रश्न. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत वाय-फायला युझरनेम-पासवर्ड देऊन किंवा ब्राउझरमध्ये पान उघडून आत जावं लागतं, आणि स्पीकरला किंवा प्लगला कुठला आलाय ब्राउझर. म्हणून असल्या वस्तूंसाठी वेगळं नोंदणीचं पान असतं जिथे मॅक द्यायचा. त्याला मी हॉटस्पॉटचीच युक्ती सांगितली, म्हणजे वस्तू आधी फोनच्या हॉटस्पॉटवर सेटअप करायची, अ‍ॅपमधून मॅक घ्यायचा, नोंदणी करायची आणि मग हॉस्टेलच्या नेटवर हलवायची. नोंदणी केल्यावर लगेच चालू झालं नाही तर थोडं थांबा, सिस्टीमला नंबर उचलायला वेळ लागतो. सामान भरताना खोकी फेकून न देता लेबलचे फोटो काढून ठेवले असते तर हेही वाचलं असतं. आणि फोटो कुठे टाकताना, प्लगचं ठीक आहे, पण राउटरच्या लेबलचा फोटो चारचौघांत टाकू नका, त्यावर पासवर्ड असतो आणि राउटरच्या वाय-फायच्या मॅकवरून घर कुठे आहे ते शोधणारे नकाशे असतात.

टाकताना काही राउटरना कोलन लागतो, काहींना डॅश, काहींना नुसती १२ अक्षरं, ते रकान्याशेजारी नमुना दाखवतात तसं. छोटी-मोठी अक्षरं चालतात.

आणि खरं सांगायचं तर मी तो फिल्टर शेवटी काढून टाकला. कारण मॅक नकली बनवता येतो हे वर सांगितलंच, जिन्यातल्या त्या पोरांतलं एखादं जरा हुशार असतं तर आईच्या फोनचा नंबर लावून परत आत आलं असतं, मग मी कुणाला अडवत होतो. पासवर्ड बदलला, वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ आहे का ते बघितलं, पोरांना रात्री नऊला बंद होणारं गेस्ट नेटवर्क दिलं. आई म्हणाली मग एवढे नंबर कशाला वाचायला लावलेस. नंबर वाया नाही गेला, त्यावर मी प्लगला कायमचा आयपी बांधून दिला, राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' म्हणून असतं तिथे मॅक आणि हवा तो आयपी टाकायचा, म्हणजे दर वेळी यादीत शोधायला नको. बांधल्यावर प्लग एकदा काढून परत लावा, नाहीतर तो जुनाच आयपी धरून बसतो.